दीर्घ आजार व आशा

पुण्याकडे जाणारी लांब पल्ल्याची गाडी कर्जत स्टेशनांत थांबली म्हणजे तिच्या पाठीमागें आणखी इंजिनें जोडतात, हें आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. बोरघाटाची चढण कांहीं ठिकाणीं सदतिसास एक इतकी उभी आहे. पुढचें इंजिन बळकट असलें तरी एवढा भार एकट्यानें वर नेणें त्यास जड जातें. म्हणून मागून रेटा देणारें ‘बँकर’ लागतें. पायांतील शक्ति गेलेल्या माणसाची पुन्हा उभें राहण्याची वाटचालही अशाच घाटाची असते. त्या वाटेवर आशा कशी टिकवावी, हें समजून घ्यावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम आजार कसा होतो तें पाहूं. पाठीच्या कण्याच्या पोकळींतून मेंदूपासून खालीं एक मऊ दोर गेलेला असतो. त्यास मज्जारज्जु म्हणतात. मोठ्या माणसांत तो सुमारें ४५ सेंटिमीटर लांब व करंगळीएवढा जाड असतो आणि त्यांतून ज्ञानतंतूंच्या ३१ जोड्या निघतात. मेंदूची आज्ञा हातापायांस व हातापायांची संवेदना मेंदूस पोंचविणें, हें त्याचें काम. खोपोलीच्या वीजघराचें उदाहरण घ्या. लोणावळ्याकडील तलावांचें पाणी नळांवाटे खालीं आणून तेथें वीज करतात, व १९१५ सालापासून ती मुंबईस जात आहे. मधली तार बिघडली तर वीजघर चालू असूनही मुंबईंतला दिवा विझतो. दिवा मात्र फुटलेला नसतो. मज्जारज्जूच्या आजारांत असेंच घडतें. मेंदु शाबूत असतो, पायही शाबूत असतात. मधला निरोप तेवढा पोंचत नाहीं.

अशा आजारांपैकीं एक म्हणजे मज्जारज्जूचा आडवा दाह. डॉक्टर त्यास ट्रान्सव्हर्स मायलायटिस म्हणतात. तो दुर्मिळ आहे. दर दहा लाख लोकांत वर्षाकाठीं एकापासून आठांपर्यंत माणसांस तो होतो. परंतु दहा ते एकोणीस ह्या वयांत तो विशेष आढळतो, म्हणून विद्यार्थ्यांनीं त्याची ओळख ठेवावी. शरीराचें रक्षण करणारी शक्तिच कधीं कधीं, विशेषतः एखादा ताप येऊन गेल्यावर, भुलून स्वतःच्या मज्जारज्जूवर उलटते. मग कांहीं तासांत किंवा दिवसांत पाय जड व बधिर होतात, कमरेभोंवतीं पट्टा आवळल्यासारखें वाटतें, लघवी अडते. अशा वेळीं तेल चोळीत घरीं बसूं नये. त्वरित मोठें रुग्णालय गांठावें. तेथें एम. आर. आय. तपासणीनें दाहाची जागा दिसते, शिरेंतून स्टिरॉइड औषध देतात, आणि जरूर पडल्यास रक्तांतील द्रवही बदलतात.

तथापि मनाची खरी परीक्षा रुग्णालयांतून घरीं आल्यावर सुरू होते. सुधारणा होणार असल्यास ती बहुधा पहिल्या तीन महिन्यांत दिसूं लागते, आणि तीही प्रथम अंगठा किंचित् हलण्याएवढीच. पुढें ती दोन वर्षांपर्यंत, क्वचित् त्याहूनही अधिक काळ, होत राहते. ढोबळमानानें तीन रोग्यांपैकीं एक पुष्कळसा बरा होतो, एकास कांहीं अधूपणा राहतो, आणि एकास फारशी सुधारणा होत नाहीं. हें सत्य लपविण्यांत दया नाहीं. ‘पुढच्या महिन्यांत तूं धांवूं लागशील,’ असें सांगणारा स्नेही त्या महिन्याच्या अखेरीस रोग्यास दुप्पट निराश करितो.

मग आशा ठेवावी ती कशावर? माझें उत्तर असें कीं, आशा तारखेवर ठेवूं नये. आजच्या कामावर ठेवावी. तारीख आपल्या हातांत नसते, काम असतें. अंथरुणावर असतांना दर दोन तासांनीं कूस बदलावी. नाहीं तर पाठीस जखमा होतात व त्या भरून येण्यास महिनेच्या महिने जातात. बधिर पायास चटका कळत नाहीं. म्हणून आंघोळीचें पाणी दुसऱ्यानें हात घालून पाहावें, आणि चुलीजवळ बसतांना जपावें. लघवी अडत असल्यास डॉक्टरांनीं शिकविल्याप्रमाणें ठराविक वेळीं नळीनें ती काढावी. सांधे आंखडूं नयेत म्हणून ते रोज हलवावे. ह्यांतलें प्रत्येक काम क्षुल्लक दिसतें. परंतु तार पुन्हा जुळेल त्या दिवसासाठीं दिवा सांभाळून ठेवणें तें हेंच.

दुसरी गोष्ट, प्रगति मोजावी ती कालच्या दिवसाशीं नव्हे, तर मागल्या महिन्याशीं. त्यासाठीं एक वही ठेवावी: आधाराविना किती मिनिटें बसलों, कोणतें बोट हललें, खुर्चीवर स्वतः सरकतां आलें कीं नाहीं. कधीं ताप येतो, कधीं पाय ताठतात, आणि मिळविलेलें गेलें असें वाटतें. त्या वेळीं आपल्या घाटाचा इतिहास आठवावा. १८६३ सालीं सुरू झालेल्या ह्या लोहमार्गावर १९२९ पर्यंत एके ठिकाणीं गाडीस थांबून उलट दिशेनें निघावें लागे. उतारूंस वाटे, गाडी मागें चालली. चढण मात्र चालूच असे. तरीही मन सारखें खचलेलें राहिलें, झोंप उडाली, बोलणें नकोसें झालें, तर तेंही डॉक्टरांस सांगावें. तो दुबळेपणा नव्हे. त्यावरही उपचार आहेत.

चालतां आलें नाहीं तर सारें संपलें काय? महाराष्ट्रांतील दोन उदाहरणें पाहा. आजार निराळे असले तरी घाट तोच. सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर ह्यांस १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून कमरेखालचें अंग लुळें पडलें. मुष्टियोद्धा असलेल्या ह्या सैनिकानें उपचार म्हणून पोहणें धरलें, आणि सात वर्षांनीं, १९७२ सालीं, हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेंत ५० मीटर पोहण्यांत ३७.३३ सेकंदांचा जागतिक उच्चांक करून भारतास त्या स्पर्धांतलें पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ह्यांचे पाय तर ऐन शाळा-कॉलेजच्या वयांत गेले. चाकाच्या खुर्चीवरूनच त्यांनीं शिक्षण व नोकरी केली आणि १९८४ सालीं अपंगांसाठीं ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली. ‘चाकाची खुर्ची’ हें त्यांचें आत्मचरित्र अवश्य वाचावें. ह्या दोघांचीही आशा पायांवर थांबली नाहीं. ती करण्याजोग्या कामाकडे वळली.

आतां बँकरचें काम कोणाचें, हें सांगावयास नकोच. मुंबईस हाजी अली येथें १९५५ पासून पुनर्वसनाची मोठी सरकारी संस्था आहे. परंतु खालापूर वा कर्जत तालुक्यांतील डोंगराकडच्या वाडीवरून बांध ओलांडून गाडीपर्यंत येणें, हेंच रोग्यास मोठें दिव्य असतें. तेथें चार तरुण खांदे लागतात. वर्गांतला सोबती अंथरुणास खिळला तर त्याच्याकडे शाळेच्या वह्या पोंचवाव्या, त्याचा अभ्यास चालूं ठेवावा, आणि त्याच्या पायांविषयीं न बोलतां क्रिकेटविषयीं बोलावें. त्याचा वर्ग तळमजल्यावर आणावा, पायरीशेजारीं उतार बांधावा. त्याच्या आईसही तासभर विसांवा द्यावा. कारण रात्रीं दर दोन तासांनीं उठणारी ती असते.

घाट चढण्याची मेहनत रोग्याचीच. ती दुसऱ्या कोणास करतां येत नाहीं. पण मागें कोणी तरी जोडलेलें आहे एवढें कळलें, तरी त्याचें मन ती चढण सोडीत नाहीं.