श्नाउझर: कुत्रा एक की तीन?

आजचा विषय ऐकून काहींनी भुवया उंचावल्या असतील. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस कुत्र्यांवर काय बोलणार? झालं असं की, माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. "सर, मुलीला श्नाउझर हवाय. विकणारा म्हणतो, हे 'टीकप' जातीचं पिल्लू आहे, मोठं झालं तरी दीड-दोन किलोचंच राहील. अशी जात असते का हो?" मी म्हटलं, "आधी 'जात असते' म्हणजे काय, ते ठरवू." ती हसली. तिला सवय आहे.

श्नाउझर हा दक्षिण जर्मनीचा. तबेल्यात घोड्यांच्या सोबतीनं राहायचं आणि उंदीर-घुशी मारायच्या, हे त्याचं मूळ काम. जर्मन भाषेत जनावराच्या मुस्कटाला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडलं. दाढीमिशा बघितल्या की कारण विचारावं लागत नाही. पण पूर्वी त्याला 'राठ केसांचा पिन्शर' म्हणत. आणि गंमत बघा, एकाच वेतात राठ केसांची आणि गुळगुळीत केसांची पिल्लं निघायची. १८९५ साली जर्मनीत पिन्शरवाल्यांचा क्लब स्थापन झाला आणि पुढे नोंदवह्या वेगळ्या झाल्या: गुळगुळीत तो पिन्शर, राठ तो श्नाउझर. एका आईच्या पोटची भावंडं, जाती दोन!

आपल्या नैयायिकांनी इथे एक उपयोगी भेद करून ठेवलाय. गाईचं 'गोत्व' ही जाती, ती वस्तूतच असते. स्वयंपाक्याचं 'पाचकत्व' ही उपाधी, ती कामावरून चिकटते. मराठीत आपण कुत्र्याची 'जात' म्हणतो आणि पहिला अर्थ गृहीत धरतो. (फक्त कुत्र्यांच्याच बाबतीत नव्हे, पण तो विषय आज नको.)

आता आकार. बेल्जियममधली एफसीआय ही जागतिक संघटना तीन आकार मानते. मिनिएचर, खांद्यापाशी उंची ३० ते ३५ सेंटिमीटर, वजन ४ ते ८ किलो. स्टँडर्ड, ४५ ते ५० सेंटिमीटर, १४ ते २० किलो. जायंट, ६० ते ७० सेंटिमीटर, ३५ ते ४७ किलो. मूळचा तो मधला, स्टँडर्ड. छोट्यातले छोटे निवडत मिनिएचर केला. त्यात आफेनपिन्शर नावाच्या बुटक्या कुत्र्याचं रक्त मिसळलं असं मानतात. जायंट बवेरियात गुरं हाकायला होता, पुढे पोलिसांच्या कामाला लागला.

हे आकडे कागदावर मांडून बघा. ३५ आणि ४५ यांच्यामध्ये काय आहे? काहीच नाही. मग ४० सेंटिमीटरचा श्नाउझर जन्मलाच तर? तो धडधाकट असेल, बेल वाजली की भुंकेल, पण प्रदर्शनात त्याला उभं राहायला जागा नाही. ही मोकळी जागा निसर्गानं सोडलेली नाही, आपण आखलेली आहे. लहान कुत्र्यांच्या लहानपणात आयजीएफ-१ या एका जनुकाचा मोठा वाटा असतो, हे २००७ साली दाखवलं गेलं. इतक्या थोड्या फरकावर एवढ्या भिंती!

रंगाचं प्रकरण याहून मजेदार आहे. सर्वांत ओळखीचा रंग मिरे-मिठाचा. काळे नि पांढरे केस मिसळलेले असतात असं आपल्याला वाटतं, पण तसं नाही. एकाच केसावर फिकट-गडद पट्टे असतात. म्हणून जाणकार मेलेले राठ केस हातानं उपटून काढतात. मशीन फिरवलं की केस मऊ पडतात आणि रंग फिका होतो. मिनिएचरमध्ये काळा आणि काळा-रुपेरी हेही आहेत. आणि पांढरा? एफसीआयला चालतो. अमेरिकन केनेल क्लबमध्ये पांढरा मिनिएचर प्रदर्शनातून बाद! कुत्रा तोच, आईबाप तेच, मध्ये फक्त अटलांटिक महासागर. तिथे मिनिएचरला टेरियरांच्या गटात बसवलंय आणि त्याच्या दोन्ही थोरल्या भावांना कामकरी कुत्र्यांच्या गटात. आता तबेल्यातला हा जर्मन गडी टेरियर कधी झाला?

म्हणजे सगळ्याच जाती खोट्या, असा अर्थ काढू नका. उपाधी खोटी नसते. मिनिएचर म्हटलं की पिल्लू केवढं होईल, हे बरंचसं सांगता येतं. त्याच्या रक्तात चरबी वाढते, स्वादुपिंडाला सूज येते, मूतखडे होतात, म्हणून तळलेलं देऊ नये, हेही सांगता येतं. त्या नावामागे पिढ्यांच्या नोंदी आहेत. 'टीकप'मागे काय आहे? कोणत्याही प्रमुख संघटनेत हा प्रकार नाही. वेतातली सर्वांत किरकोळ पिल्लं एकमेकांना लावायची किंवा दुसऱ्या बुटक्या कुत्र्याशी संकर करायचा आणि किंमत वाढवायची. अशा इवल्या पिल्लाची एक वेळ उपासमार झाली तरी रक्तातली साखर उतरून ते आडवं पडू शकतं.

मी तिला एवढंच सांगितलं, "पिल्लाची आई बघ, आणि टेप घेऊन जा." रविवारी ती गेली. आई दाखवा म्हटल्यावर विकणारा म्हणाला, "ती गावाला गेलीये."