जुन्या गाडीचा 'सेल्फ' गेलाय? पाना उचलण्याआधी गाडीचं खानदान बघा

भर पावसातली सकाळ. वेल्ह्यातून केळदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. अंगणात जुनी मारुती ८०० उभी. चावी फिरवली की 'टक' असा एकच आवाज येतो आणि पुढे सगळं शांत.

भोर-वेल्हे भागात हा प्रसंग नवा नाही. सेल्फ, म्हणजेच स्टार्टर मोटर, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथे बसते, बऱ्याच गाड्यांत अगदी खालच्या बाजूला. त्यामुळे घाटमाथ्याचा पाऊस, चिखल आणि ओढ्याचं पाणी थेट तिच्यापर्यंत पोहोचतं. गंज चढतो, वायरची टोकं खराब होतात.

आता गॅरेज लांब म्हणून अनेक जण स्वतःच सेल्फ उतरवायला घेतात. वरकरणी काम दोन-तीन बोल्टचं. पण चुकीचा पाना लागला की बोल्टचे कोपरे गोल होतात आणि घरचं काम क्रेनवर जातं.

आधी बघा, दोष खरंच सेल्फचा आहे का?

त्यामुळे पहिलं हत्यार पाना नाही, मल्टिमीटर. चांगली चार्ज झालेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला, तर आधी बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासा.

बॅटरी ठीक असेल तर मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी सेल्फवरच्या जाड वायरच्या बोल्टला लावा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त आला, तर दोष वायरमध्ये किंवा गंजलेल्या टर्मिनलमध्ये आहे. नवा सेल्फ घेण्याचा खर्च वाचला!

आवाजही बरंच सांगतो. सलग 'टकटकटक' आलं तर बहुतेक वेळा बॅटरी कमजोर. मोटर फिरते पण इंजिन हलत नाही, तर संशय बेंडिक्सवर. बॅटरी आणि वायर चांगली असूनही एकच 'टक', तर सोलेनॉइड किंवा मोटर.

१२ की १३? इथेच घोळ होतो

मारुती ८०० आली १९८३ मध्ये, जपानच्या सुझुकीसोबत. जपानी पद्धतीत ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचं डोकं १२ चं आणि १० मिलिमीटरच्या बोल्टचं १४ चं असतं. म्हणून मारुतीसाठी १०, १२, १४ आणि १७ हे पाने लागतात.

युरोपीय पद्धतीत त्याच बोल्टची डोकी १३ आणि १७ ची. टाटा-महिंद्राच्या जुन्या गाड्यांवर बहुतेक ठिकाणी हीच मापं सापडतात.

तिसरं प्रकरण जुन्या जीपचं. महिंद्राच्या गाड्यांची सुरुवात अमेरिकन विलीज जीपपासून झाली, त्यामुळे त्या काळच्या गाड्यांवर इंचाचे बोल्ट आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसतो, पण सैल. गंजलेल्या बोल्टवर तेवढी सैल जागाही पुरते. त्यात अशा अनेक जीपमध्ये नंतर दुसरं इंजिन बसवलंय, म्हणजे चेसिसला इंच आणि इंजिनला मिलिमीटर असं असू शकतं. अंदाज नको, पाना लावून बघा.

डब्यात काय हवं?

- सहा कोनी गोट्या: बारा कोनी गोटी गंजलेल्या बोल्टवर लवकर घसरते.
- रॅचेट आणि लांब एक्स्टेंशन: मागचा बोल्ट सहसा हाताला लागत नाही.
- रिंग पाने: जिथे गोटी शिरत नाही तिथे.
- गंज सोडवणारं तेल: शक्यतो आदल्या रात्री मारून ठेवा.
- वायर ब्रश: बसवताना जोड स्वच्छ हवेत. सेल्फला अर्थिंग बॉडीतूनच मिळतं.

स्क्रू पाना आणि पक्कड मात्र डब्यातच राहू द्या. बोल्ट गोल होण्याचं मोठं कारण तेच आहेत.

जीव आधी, सेल्फ नंतर

सेल्फची जाड वायर बहुतेक जुन्या गाड्यांत थेट बॅटरीतून येते. चावी बंद असली तरी तिच्यात करंट असतो. पाना एकाच वेळी वायरला आणि बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. म्हणून तपासणी संपली की बॅटरीची मायनस वायर सगळ्यात आधी काढायची आणि सगळ्यात शेवटी जोडायची.

खालून काम करायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका. ओल्या मातीत जॅक खचतो. सपाट, कडक जागा, चाकांना दगड आणि गाडीखाली स्टँड. हे जमत नसेल तर गाडीखाली जाऊच नका.

आणि बोल्ट जोर लावूनही हलत नसेल, तर तिथेच थांबा. शाबूत डोक्याचा बोल्ट भोरचा कोणताही मेकॅनिक काढेल. डोकं गोल झालं की तेच काम तासांचं होतं आणि बिलही वाढतं.