बँका बुडतात तेव्हां सरकारनें कोणास तारावें?

बँक बुडाल्याची वार्ता येतांच ठेवीदाराचा जीव टांगणीस लागतो. पण त्याच बँकेचा ऋणको जो शेतकरी, त्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. बँक बंद झाली म्हणून कर्ज फिटत नाहीं. उलट तिची आवराआवर करणारा अधिकारी तेंच कर्ज निकडीनें वसूल करूं लागतो. म्हणून अशा वेळीं सरकारच्या धोरणाची परीक्षा दोन प्रश्नांनीं करावी असें आम्हांस वाटतें. सरकारनें पैसा कोणाच्या हातीं दिला, आणि त्याच्या मोबदल्यांत जनतेच्या पदरीं काय पडलें? अमेरिकेंत १९३३ सालच्या संकटांत तेथील शेतकरी संघटनांनीं व डाव्या विचारांच्या पुढाऱ्यांनीं हेच प्रश्न विचारले. ती हकीकत आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

१९१९ सालीं तेथील शेतकऱ्यास एक बुशेल, म्हणजे सुमारें २७ किलो, गव्हास २ डॉलरांहून अधिक भाव मिळाला. त्या भरंवशावर अनेकांनीं जमिनी गहाण टाकून नव्या जमिनी व यंत्रें घेतलीं. १९३२ सालीं तोच भाव सुमारें ३८ सेंटांवर आला. डॉलरचे सेंट होतात शंभर. कर्जाचा आंकडा मात्र तसाच राहिला. जें देणें पूर्वीं एक पोतें विकून फिटलें असतें, त्यास आतां पांच पोतीं पुरेनाशीं झालीं. शेतकरी थकला तशा खेड्यांतील लहान बँका थकल्या. शहरांत बेकारी वाढली, आणि भ्यालेल्या ठेवीदारांची बँकांच्या दारीं रीघ लागली. १९३० ते १९३३ या चार वर्षांत सुमारें ९,००० बँका बंद पडल्या.

अध्यक्ष हूव्हर यांच्या कारकीर्दींत, १९३२ च्या आरंभीं, बँका व रेल्वे कंपन्या यांस कर्ज देण्यासाठीं एक सरकारी महामंडळ निघालें. त्याचे प्रमुख चार्ल्स डॉज यांनीं जूनमध्यें पद सोडलें, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या शिकागोच्या बँकेस ९ कोटी डॉलरांचें कर्ज मंजूर झालें. या धोरणामागील तर्क असा कीं, मुख्य पाटांत पाणी सोडलें म्हणजे तें टोकाच्या शेतास आपोआप पोंचेल. डाव्या टीकाकारांचा आक्षेप असा कीं, पाणी वरच वर मुरतें आणि टोकाच्या शेताची पाळी येतच नाहीं. पाटाचें पाणी घेणाऱ्या वाचकास हा आक्षेप समजावून सांगण्याची गरज नाहीं.

४ मार्च १९३३ रोजीं रूझवेल्ट अध्यक्ष झाले. ६ मार्चला त्यांनीं देशांतील सर्व बँका बंद ठेवविल्या, ९ मार्चला कायदा करविला, आणि १३ मार्चपासून सुस्थितींतील बँका क्रमाक्रमानें उघडल्या. लोकांनीं काढून नेलेला पैसा परत आणला. १९३४ पासून ठेवींस विमा मिळाला. या यशाचें श्रेय नाकारणें अन्यायाचें होईल. परंतु न्यू मेक्सिकोचे सेनेटर ब्रॉन्सन कटिंग यांनीं पुढें असें मत मांडलें कीं, त्या दिवसांत बँकांचें राष्ट्रीयीकरण निषेधाचा शब्दही न उठतां करतां आलें असतें, आणि ती संधि दवडणें ही रूझवेल्ट यांची मोठी चूक होती. सरकारनें हजारों बँकांत एक अब्ज डॉलरांहून अधिक भांडवल घातलें, तरी बँका खाजगी धनिकांकडेच राहिल्या.

एवढ्या बँका चालविण्यास माणसें कोठून आणावीं, हा उलट प्रश्न फोल नव्हता. तथापि सार्वजनिक बँक ही केवळ कल्पना नव्हती. नॉर्थ डाकोटा राज्यांत शेतकऱ्यांच्या नॉनपार्टिझन लीगनें सत्ता मिळवून १९१९ सालींच २० लाख डॉलरांच्या भांडवलावर राज्याच्या मालकीची बँक काढली होती. राज्य सरकारचा पैसा तिच्यांतच ठेवला जातो, आणि ती अद्यापि चालू आहे.

ऋणकोस जें मिळालें, तें मात्र त्यानें संघटनेच्या बळावर मिळविलें. मायलो रीनो यांच्या नेतृत्वाखालीं १९३२ सालीं शेतकऱ्यांचा एक लढाऊ संघ निघाला होता. थकलेल्या शेतकऱ्याचीं गुरें व औजारें लिलावास निघालीं, कीं शेजारीपाजारी जमावानें हजर राहून चार-दोन सेंटांची बोली करीत, बाहेरच्यास बोलूं देत नसत, आणि घेतलेला माल मूळ धन्यास परत देत. आयोवांतील ल मार्स गांवीं जमावानें एका न्यायाधीशास ओढून नेऊन त्याच्या गळ्यांत दोर घातला. हें कृत्य निंद्यच होय. परंतु सनदशीर मार्गही होता. मिनेसोटांत शेतकरी-मजूर पक्षाचे गव्हर्नर फ्लॉइड ओल्सन यांच्या अमदानींत, एप्रिल १९३३ मध्यें, गहाण जमीन सोडविण्याची मुदत वाढविण्याचा अधिकार न्यायालयांस देणारा कायदा झाला. त्या मुदतींत ऋणकोनें वाजवी भाडें भरावयाचें होतें. सावकारी कंपन्यांनीं त्यास हरकत घेतली. सर्वोच्च न्यायालयानें १९३४ सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं तो उचलून धरला. रीनो यांच्या संघानें १३ मे १९३३ पासून देशव्यापी संप पुकारला होता. त्याच्या आदल्याच दिवशीं, कमी व्याजाचें व लांब मुदतीचें नवें कर्ज देऊन जुनें गहाण फेडण्याची सोय करणारा कायदा मंजूर झाला, आणि संप स्थगित झाला.

आमचें मत असें कीं, बँक तारणें अवश्य आहे, पण तेवढ्यानें काम संपत नाहीं. आपल्याकडे बँकेंतील ठेवीस २०२० पासून पांच लाख रुपयांपर्यंत विमा आहे. गांवच्या विविध कार्यकारी सोसायटींतील ठेवीस तो नाहीं, हें सभासदांनीं ध्यानांत ठेवावें. आणि थकलेल्या ऋणकोस मुदत मिळेल काय, सरकारी पैशाबरोबर कारभारांत जनतेचा शब्द चालेल काय, हे प्रश्न बँक बुडण्यापूर्वींच वार्षिक सभेंत विचारावे. संकटाच्या दिवशीं धनिकाचा माणूस राजधानींत आधींच पोंचलेला असतो. शेतकऱ्यास तेथें पोंचविणारें वाहन त्याची संघटना हेंच होय.