भरलेला अर्ज कोठे जातो?

शिष्यवृत्तीचा किंवा प्रवेशाचा अर्ज आता बहुधा संगणकावरच भरावा लागतो. पहिल्या पृष्ठावर नाव व जन्मतारीख, दुसऱ्यावर गुण, तिसऱ्यावर पालकांचे उत्पन्न. तिसऱ्या पृष्ठावर पोहोचल्यावर जन्मतारीख चुकल्याचे विद्यार्थ्याच्या ध्यानात येते. तो मागे वळतो, आणि पाहतो तो सारे रकाने कोरे! अर्जाची मुदत त्याच सायंकाळी संपावयाची असेल, तर एक वर्ष हातचे जावयाचे. असे का घडते, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली, ती मुख्यतः संशोधकांना एकमेकांची माहिती सहज पाहता यावी म्हणून. वाचकाने पृष्ठ मागावे, सर्व्हरने ते द्यावे आणि व्यवहार तेथेच संपावा, असा तिचा नेम. हा व्यवहार ज्या नियमांनी चालतो, त्या एचटीटीपीच्या दृष्टीने प्रत्येक मागणी स्वतंत्र असते. खिडकीवरचा कारकून दर वेळी आपणांस प्रथमच पाहत आहे, अशी कल्पना करावी. यास दोष म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. कोणाचीच आठवण बाळगावी लागत नाही, म्हणून तर सर्व्हरला असंख्य लोकांना पृष्ठे पुरविणे सुलभ जाते. वाचनास ही विस्मृती सोयीची. अर्जास ती घातक. तेव्हा आठवण कोठेतरी मुद्दाम ठेवावी लागते.

पहिल्या पृष्ठावरची माहिती दुसऱ्या पृष्ठात अदृश्य रकान्यांत घालून पुढे पाठविणे, ही एक जुनी युक्ती. परंतु मध्येच पृष्ठ बंद झाले की सारे गेले. शिवाय जाणकारास ते रकाने पाहता येतात, बदलताही येतात. शुल्काची रक्कम तेथे ठेवून तीवर विसंबणे हा निव्वळ भोळेपणा होय.

दुसरी युक्ती समजण्यास देवळाबाहेरचा जोडे ठेवण्याचा कट्टा आठवावा. जोडे कट्ट्यावर, आपल्या हाती केवळ क्रमांकाचा बिल्ला. तद्वत् माहिती सर्व्हरपाशी राहते आणि ब्राउझरजवळ एक सांकेतिक क्रमांक दिला जातो. पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझर तो दाखवितो. हा क्रमांक ज्या चिठ्ठीत असतो, तिला कुकी म्हणतात. नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी १९९४ साली ती योजिली. बिल्ला हरवला, तर जोडे असून नसल्यासारखे. कट्टेवालाही ते कायमचे सांभाळीत नाही. पीएचपी या प्रचलित भाषेत, वेगळी सूचना दिली नसेल, तर १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे, काही हालचाल न झाल्यास ती माहिती टाकाऊ समजली जाते. अर्ज अर्धा टाकून उत्पन्नाचा दाखला आणावयास घरी गेलेल्या मुलाची फसगत होते ती येथेच.

तिसरे स्थान म्हणजे खुद्द ब्राउझर. कुकीत सुमारे ४ किलोबाइट मजकूर मावतो आणि नागरी लिपीतील एकेका चिन्हास सामान्यतः ३ बाइट लागतात. तेव्हा लांबलचक अर्ज तीत कोठून बसणार? यासाठी ब्राउझरमध्ये निराळे कोठार असते. त्यात साधारणतः ५ मेगाबाइट मजकूर राहतो. लोकल स्टोरेज हा त्याचा प्रकार ब्राउझर बंद केल्यावरही टिकतो, तर सेशन स्टोरेज ते पान बंद होताच रिकामे होते. टंकलेले प्रत्येक अक्षर लागलीच लोकल स्टोरेजमध्ये ठेवण्याची योजना असेल, तर पावसाळ्यात वीज गेली तरी अर्ज बहुधा वाचतो. पण तोच संगणक दुकानातला, दहा जणांच्या वापरातला असेल, तर आपला पत्ता व दूरध्वनी क्रमांक पुढच्या गिऱ्हाइकास आयताच सापडावयाचा!

म्हणून, माझ्या मते, अर्जदाराचे खाते उघडून अपुरा अर्ज सर्व्हरवरील कायम नोंदीत ठेवणे आणि प्रत्येक पृष्ठावर ‘जतन करा’ हे बटण देणे, हीच रीत उत्तम. त्यात संगणक बदलला तरी बिघडत नाही. छायाचित्र व दाखले मात्र सर्व्हरवर पोहोचले नसतील, तर परत आल्यावर पुन्हा निवडून द्यावे लागतात, कारण आपल्या संगणकातील फाइल परस्पर निवडण्याची मुभा ब्राउझर कोणत्याही पृष्ठास देत नाही.