एका राज्याची दोन निशाणे

राजवाडा आणि मोटारींची शर्यत यांचे गोत्र एक असेल, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. राजवाडा म्हणजे अदब आणि शांतता. शर्यत म्हणजे कानठळ्या, पेट्रोलचा वास आणि श्वास रोखून बसलेले प्रेक्षक. पण भूमध्य समुद्राच्या काठी, फ्रान्सच्या कुशीत, मोनॅको नावाचे एक चिमुकले राज्य आहे. तिथे ही दोघे शेजारी शेजारी नांदतात, आणि जरा निरखून पाहिले तर चक्क सख्खी भावंडे वाटू लागतात.

राज्य केवढे? जेमतेम दोन चौरस किलोमीटर! एका कड्यावर राजवाडा, खाली बंदर, आणि पलीकडच्या उंचवट्यावर माँटे कार्लोचा जुगाराचा महाल. कड्यावरचा किल्ला १२१५ मध्ये जिनोव्हाच्या लोकांनी बांधायला घेतला. १२९७ मध्ये फ्रान्सेस्को ग्रिमाल्डी साधूच्या वेशात त्याच्या दाराशी आला. झग्याखाली तलवार होती. किल्ला पडला. त्या घराण्याच्या राजचिन्हावर आजही हाती तलवार घेतलेले दोन साधू उभे आहेत.

लहान राज्याला शेजाऱ्याची भीती जन्माचीच. १८६१ मध्ये मोनॅकोचा बहुतेक सारा मुलूख फ्रान्सकडे गेला. उरलेल्या खडकावर पिकणार काय? राजाने जुगाराचा महाल उभारला, १८६९ मध्ये प्रजेचे प्राप्तीवरील कर माफ केले, आणि पाहुण्यांच्या पैशावर संसार सुरू झाला. तेव्हापासून जगाच्या नजरेत राहणे, हाच या राज्याचा तट.

शर्यतीचा जन्मही अशाच गरजेतून झाला. इथल्या मोटार क्लबला राष्ट्रीय संस्था म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता हवी होती. पण त्यांची प्रसिद्ध माँटे कार्लो रॅली धावे ती परक्या देशांच्या रस्त्यांवरून! स्वतःच्या भूमीवर शर्यत भरवा, असा पेच पडला. आंतोनी नोगेस यांनी मग गावच्या रस्त्यांनाच धावपट्टी केले. १४ एप्रिल १९२९ रोजी पहिली शर्यत झाली. शंभर फेऱ्या पुऱ्या करून विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स बुगाती गाडीतून जिंकला. सरासरी वेग ताशी ८० किलोमीटर. आमचेही एक राष्ट्र आहे, असे राजवाडा दगडांतून सांगत होता. तेच आता चाकांनी सांगितले.

साम्ये इथेच संपत नाहीत. राजवाड्यासमोर रोज अकरा वाजून पंचावन्न मिनिटांनी पहारा बदलतो. उन्हाळ्यात पांढरा गणवेश, हिवाळ्यात काळा. पाहणारे परगावचे, आणि पहारेकरीही बहुतेक फ्रेंचच. शर्यतीतही चालक बाहेरचे, प्रेक्षक बाहेरचे. अंगण तेवढे घरचे. त्या अंगणात ३.३३७ किलोमीटरच्या ७८ फेऱ्या होतात, आणि जिंकणारा बक्षीस घेतो ते राजघराण्याच्या हातून.

दोन्हीकडे क्रमाला भलतेच महत्त्व. रस्ते इतके अरुंद, की पुढच्याला मागे टाकणे महाकठीण; त्यामुळे आदल्या दिवशी सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाने मिळालेली पहिली जागा बहुधा शेवटपर्यंत टिकते. राजवाड्यात मात्र गंमत निराळी. १० डिसेंबर २०१४ रोजी जुळी मुले झाली. गाब्रिएला दोन मिनिटे आधी जन्मली, पण वारसा गेला भावाकडे, जाककडे; कारण तिथे मुलग्याला अग्रमान. दोन मिनिटांची आघाडी घेऊनही दुसरी आलेली ही मोनॅकोमधली एकमेव स्पर्धक असावी!

या थाटामागे किंमतही असते. १९६७ च्या शर्यतीत लोरेंझो बांदिनी याची गाडी पेटली आणि तीन दिवसांनी तो गेला. राज्यावरचे संकटही खोटे नव्हते: १९६२ मध्ये करांच्या तंट्यावरून फ्रान्सने सरहद्दीवर जकातीचे पहारे बसवले होते. अखेर मोनॅकोत राहणाऱ्या बहुतेक फ्रेंच नागरिकांना कर लागू झाला, आणि राज्य तगले. १९९३ मध्ये ते संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासद झाले.

आणि २६ मे २०२४ रोजी शार्ल लक्लेर हा मोनॅकोचाच मुलगा ही शर्यत जिंकला. याआधी घरच्या माणसाने ती जिंकली होती १९३१ मध्ये, लुई शिराँने. त्र्याण्णव वर्षांनी आलेल्या त्या घटकेला राजे आल्बेर यांचे डोळे पाणावले.

आपल्या भाषेत ‘मिरवणे’ या शब्दात थोडी टिंगल आहे. पण ज्याच्यापाशी मुलूख नाही, फौज नाही, त्याने मिरवू नये तर काय करावे? मोठी राष्ट्रे हौसेने मिरवतात; मोनॅको मिरवते ते जगण्यासाठी.