छतावरच्या विजेचे पैसे नेमके कशाचे?

शेजारच्या काकूंनी मे महिन्याचं वीजबिल माझ्यापुढे धरलं. "पॅनेल बसवून तीन महिने झाले. सरकारकडून विजेचे पैसे खात्यात कधी जमा होणार?" बिलावर दोन आकडे होते. आयात 214 युनिट, निर्यात 236 युनिट. म्हणजे 22 युनिट शिल्लक, तरीही भरायची रक्कम शून्य नव्हती. काकूंची निराशा मला समजली, कारण हा घोळ घरोघरी आहे.

सरकार युनिटमागे पैसे देतं ही गोष्ट खोटी नाही, फक्त ती दुसरीकडची आहे. जर्मनीने 2000 साली कायदा करून सौर विजेला युनिटमागे 99 फेनिग असा दर दिला आणि तो 20 वर्षांसाठी बांधून दिला. आपल्याकडेही असं घडलंय, पण पवनचक्क्यांसाठी. साताऱ्याच्या पठारावर त्या उभ्या राहिल्या तेव्हा कंपन्यांना यंत्राच्या किमतीवर पहिल्याच वर्षी भरमसाट घसारा दाखवून कर वाचवता येई. साहजिकच चक्की उभारण्यात जेवढा फायदा होता, तेवढा ती नीट फिरती ठेवण्यात नव्हता. हे बदलावं म्हणून डिसेंबर 2009 मध्ये केंद्राने दुसरा पर्याय आणला: घसाऱ्याची ही सवलत सोडा आणि ग्रीडमध्ये दिलेल्या प्रत्येक युनिटला 50 पैसे घ्या. मार्च 2017 नंतरच्या नव्या प्रकल्पांना तो मिळत नाही. पैसा विजेसाठी द्यायचा की यंत्रासाठी, हा फरक माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्यावरच मालक यंत्राकडे किती लक्ष देणार हे ठरतं.

काकूंच्या छतावर आहे ती फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेली पंतप्रधान सूर्यघर योजना. तिच्यात केंद्राचा पैसा एकदाच मिळतो आणि तो यंत्रणा बसवल्याबद्दल असतो: 1 किलोवॉटला 30 हजार, 2 किलोवॉटला 60 हजार, 3 किंवा त्याहून जास्त असले तरी 78 हजारच. ही रक्कम आधी वजा होऊनच किंमत लागते, असंही अनेकांना वाटतं. तसं नाही. आधी खिशातून किंवा कर्ज काढून खर्च करायचा; मीटर बसून तपासणी झाली की अनुदान बँक खात्यात येतं.

मग या योजनेत सांगितलेले "300 युनिट मोफत" कुठे गेले? ते सरकार पाठवत नाही, तुमचं छत तयार करतं. 1 किलोवॉटला चांगल्या उन्हात दिवसाला साधारण 4 युनिट धरा. 3 किलोवॉटचे महिन्याला 360 होतात. पावसाळ्यात हा आकडा चांगलाच खाली येतो.

आता त्या बिलाकडे परत येऊ. दुपारी पॅनेल वीज बनवतात तेव्हा आधी घरातला फ्रिज आणि पंखा ती वापरतात. उरते ती तारेतून बाहेर जाते, तीच निर्यात. रात्री आपण बाहेरून घेतो ती आयात. नेट मीटरिंगमध्ये युनिटच्या बदल्यात युनिट वळते होतात, म्हणून काकूंचे 22 युनिट पुढच्या महिन्याच्या खात्यात गेले. जुलैत आभाळ भरलं की ते तिथे कामी येतील. स्थिर आकार मात्र द्यावाच लागतो, कारण जोडणी आपण वापरतोच. बिलातली ती रक्कम याचीच.

हे युनिट 31 मार्चपर्यंतच पुढे सरकतात. त्या दिवशी जे उरतील त्यांचे पैसे मिळतात, पण नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने, आणि आपण विजेला मोजतो त्यापेक्षा तो बराच कमी असतो. म्हणून "जास्त पॅनेल म्हणजे जास्त कमाई" हा हिशेब घरासाठी चुकतो. मागच्या बारा बिलांची बेरीज करा आणि तेवढ्याच विजेची यंत्रणा घ्या.

लाइट गेली की सौर वीज चालू राहते, हाही समज पक्का आहे. बॅटरी नसलेली साधी यंत्रणा ग्रीड बंद पडताच स्वतःहून थांबते. भर दुपारी, लख्ख उन्हातसुद्धा. खांबावर दुरुस्तीला चढलेल्या वायरमनच्या हातातली तार आपल्या छतावरून जिवंत होऊ नये, म्हणून ती सोय मुद्दाम केलेली आहे.

काकूंनी बिलाची घडी घातली आणि विचारलं, "म्हणजे पॅनेलवरची धूळ पुसली तर फायदा माझाच ना?" हो, पुरता तुमचाच. पुसायची मात्र सकाळी लवकर, काचा तापण्याआधी.