साखर सोडणे : शब्द, अर्थ आणि आहार

१

'मी साखर सोडली' हे वाक्य अलीकडे मराठी घरांतून वारंवार ऐकू येते. व्याकरणदृष्ट्या ते अगदी सरळ आहे. कर्ता, कर्म व क्रियापद ही तिन्ही अंगे त्यात स्पष्ट आहेत. परंतु ह्या वाक्यातील कर्म नेमके कोणते, असा प्रश्न विचारला असता उत्तर तितकेसे सरळ मिळत नाही. चहातील साखर वर्ज्य करणारा गृहस्थ त्याच चहाबरोबर चार बिस्किटे खातो, चहात साखरेऐवजी गूळ घालतो, दुपारी उसाचा रस घेतो, आणि साखर सोडल्याचे समाधानही बाळगतो. तो असत्य बोलत नसतो. त्याच्या भाषेत 'साखर' ह्या शब्दाचा अर्थ 'डब्यातील पांढरा दाणेदार पदार्थ' एवढाच असतो, आणि तेवढा त्याने खरोखरच सोडलेला असतो.

आहारशास्त्र ज्या वस्तूविषयी बोलते ती वस्तू आणि लोकभाषेतील 'साखर' ह्यांचा विस्तार सारखा नाही. हा फरक केवळ कोशकाराच्या आस्थेचा विषय असता, तर त्याची विशेष चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असून, आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या पूर्वावस्थेत आहेत. अशा परिस्थितीत शब्दार्थाची ही गफलत प्रकृतीला महाग पडू शकते. म्हणून प्रथम शब्दांचा आणि मग आहाराचा विचार करणे इष्ट ठरेल.

२

संस्कृत 'शर्करा' ह्या शब्दाचा मूळ अर्थ खडा, रेव अथवा वाळूचा कण. उसाच्या आटवलेल्या रसापासून निघालेल्या कणीदार पदार्थाला रूपसाम्यावरून हे नाव मिळाले, आणि प्राकृताच्या वाटेने ते मराठीत 'साखर' होऊन आले. हाच शब्द फारसी व अरबी भाषांच्या द्वारे युरोपात पोहोचला आणि इंग्रजीत 'शुगर' झाला. 'खंड' ह्या शब्दानेही असाच प्रवास केला असून इंग्रजी 'कँडी'चे मूळ त्यात आहे. म्हणजे 'साखर' व 'शुगर' हे दोन शब्द एकाच मूळ शब्दाचे वंशज होत.

भवानी पेठेसारख्या वस्तीत ह्या शब्दकुळाचा विस्तार जागच्या जागी पाहावयास मिळतो. सोलापूरच्या पूर्व भागात मराठी, तेलुगू, कन्नड व दखनी उर्दू ह्या भाषा शेजारी शेजारी नांदतात. मराठीत साखर, कन्नडात सक्करे, तेलुगूत चक्केर, उर्दूत शक्कर : चारही रूपांचे नाते उघड आहे. गुळाची गोष्ट निराळी. मराठी 'गूळ' संस्कृत 'गुड' ह्या शब्दापासून आला. कन्नड 'बेल्ल' आणि तेलुगू 'बेल्लम' हे मात्र द्राविडी कुळातले स्वतंत्र शब्द आहेत. आणि रोगाचा प्रश्न आला की चारही भाषा बोलणारे लोक एकाच शब्दावर येऊन थांबतात. तो शब्द म्हणजे 'शुगर'.

मराठीपुरते पाहिले तर येथे एक लक्षणीय अर्थविभागणी झाली आहे. 'साखर' वाण्याकडे मिळते, 'शुगर' प्रयोगशाळेत मोजतात. 'घरात साखर आहे' आणि 'घरात शुगर आहे' ह्या दोन वाक्यांचा अर्थ कोणीही एक समजणार नाही. एकाच मुळाच्या दोन रूपांपैकी एक वस्तुवाचक व दुसरे रोगवाचक व्हावे, ही भाषेच्या दृष्टीने सोय आहे. पण त्यामुळे दोन परस्परविरुद्ध गैरसमज निर्माण होतात. पहिला असा की स्वयंपाकघरातील साखरेचा व रक्तातील 'शुगर'चा संबंधच विसरला जातो. दुसरा असा की तो संबंध जरुरीपेक्षा जवळचा मानला जातो. 'मी गोड खातच नाही, तरी शुगर कशी वाढली?' ह्या नेहमीच्या प्रश्नाचे मूळ ह्या दुसऱ्या गैरसमजात आहे.

डब्यातील साखर म्हणजे सुक्रोज. पचनक्रियेत तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज ह्या दोन साध्या शर्करांत विभाजन होते. रक्ततपासणीत मोजतात ते ग्लुकोज. भात, पोळी व भाकरी ह्यांतील पिष्टाचेही अखेर ग्लुकोजच होते. म्हणून साखर बंद करूनही रक्तातील ग्लुकोज वाढू शकते. उलट, ते तपासणीत योग्य प्रमाणात आढळले, एवढ्यावरून साखर कितीही खाण्यास हरकत नाही असे ठरत नाही. अतिरिक्त साखरेचा परिणाम वजन, यकृत व दात ह्यांवरही होतो. दातांवरील थरात राहणारे जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात व त्या आम्लाने दात किडतात. ह्या क्रियेचा मधुमेहाशी संबंध नाही.

३

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सोडावयाची ती कोणती साखर? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत 'मुक्त शर्करा' ही संज्ञा वापरली आहे. खाद्यपदार्थांत उत्पादकाने, स्वयंपाक करणाऱ्याने किंवा खाणाऱ्याने वरून घातलेली प्रत्येक शर्करा, तसेच मध, पाक आणि फळांचे रस ह्यांत असलेली शर्करा ह्या संज्ञेत मोडते. अखंड फळातील आणि दुधातील नैसर्गिक शर्करा तीत मोडत नाही. अखंड फळात तंतुमय भाग असतो, ते चावून खावे लागते व पोटही भरते. रस काढला की हे गुण बव्हंशी नाहीसे होतात.

ह्या व्याख्येप्रमाणे गूळ, काकवी, खडीसाखर व मध ही सर्व एकाच सदरात येतात. गुळात काही खनिजे असतात हे खरे, परंतु त्याचा बहुतांश भाग शर्कराच असून उष्मांकांच्या दृष्टीने तो साखरेहून किंचितच उणा आहे. तेव्हा साखरेच्या जागी गूळ घालणे हा रुचिपालट झाला. त्याला साखर सोडणे म्हणता येणार नाही.

प्रमाणाविषयी सदर मार्गदर्शिका असे सांगते की मुक्त शर्करेपासून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ५ टक्क्यांहून कमी असल्यास अधिक हितकर. दिवसाचा आहार २००० उष्मांकांचा धरला, व एक ग्रॅम साखरेचे ४ उष्मांक मानले, तर पहिली मर्यादा ५० ग्रॅम व दुसरी २५ ग्रॅम येते. चहाचा एक चमचा ५ ग्रॅमचा धरल्यास पाच चमचे म्हणजेच २५ ग्रॅम. दिवसातून चार वेळा दोन दोन चमचे साखरेचा चहा घेणारा मनुष्य केवळ चहातून ४० ग्रॅम, म्हणजे महिन्याला १ किलो २०० ग्रॅम साखर घेतो. बिस्किटे, लोणची, सरबते व सणवार ह्यांचा हिशेब वेगळाच.

घरातील प्रमाण काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे वाण्याची यादी. महिन्याला येणारी साखर व गूळ ह्यांची बेरीज करून तिला माणसांच्या संख्येने व ३० ने भागावे. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ किलो येत असल्यास माणशी रोज सुमारे ४२ ग्रॅम पडतात. २५ ग्रॅमची मर्यादा पाळावयाची तर चौघांना मिळून महिन्याला ३ किलो पुरेत, आणि त्यातूनच बाहेरच्या खाण्याचीही वजावट करावी लागेल.

४

मराठीची शब्दसंपत्ती ह्या बाबतीत आणखी एक गोष्ट सुचवते. मीठ नसलेल्या पदार्थाला 'अळणी' हा स्वतंत्र शब्द आहे. तो 'अलवण' ह्या संस्कृत शब्दापासून आला. साखर नसलेल्या पदार्थाला मात्र असा रूढ व सर्वमान्य शब्द नाही. 'बिनसाखरेचा' असा जोडशब्द वापरून भागवावे लागते. मीठ रोजच्या अन्नात गृहीत होते, म्हणून त्याच्या अभावाला नाव मिळाले. साखर तशी गृहीत नव्हती. केवळ शब्दाच्या अभावावरून इतिहास सिद्ध होत नाही, हे मान्य केले तरी इतर पुरावा ह्याच दिशेचा आहे. साखरपुडा, तोंड गोड करणे, साखर वाटणे, पाडव्याच्या साखरेच्या गाठी, संक्रांतीचा हलवा : ह्या सर्व प्रयोगांत साखर कोणत्या ना कोणत्या प्रसंगाशी बांधलेली आहे. 'गोडधोड' हा शब्दही सणावारीच शोभतो. सोलापूरची ज्वारीची कडक भाकरी व शेंगाचटणी हे रोजचे अन्न. शेंगापोळी किंवा गव्हाची हुग्गी हे प्रसंगाचे. गोड हा प्रसंग होता, तो सवय झाला, हा आपल्या आहारातील मुख्य पालट होय.

हा पालट होण्यास आर्थिक कारणे आहेत. १९३२ साली देशी साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले आणि त्या दशकातच सोलापूर जिल्ह्यात माळीनगर व श्रीपूर येथे कारखाने उभे राहिले. पुढे सहकारी कारखाने आले, १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि ऊस वाढला. आज साखर कारखान्यांच्या संख्येत हा जिल्हा राज्यात अग्रगण्य आहे. त्याबरोबरच चहा घरोघर पोहोचला व साखर दिवसातून अनेकदा पोटात जाऊ लागली. ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्याने साखर कमी खावी, असे म्हणणे काहींना विसंगत वाटेल. परंतु ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, ही म्हण ऊस पिकवणाऱ्या समाजानेच घडवली आहे.

साखरेच्या उपलब्धतेचा परिणाम किती दूरवर जातो ह्याचे एक बोलके उदाहरण ब्रिटनमधील आहे. तेथे युद्धकाळापासून चालू असलेले साखरेचे नियंत्रण सप्टेंबर १९५३ मध्ये उठले व साखरेचा खप अल्पावधीत जवळजवळ दुप्पट झाला. गर्भावस्थेत आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोनएक वर्षांत ज्यांच्या वाट्याला नियंत्रण आले, त्यांची तुलना नियंत्रण उठल्यानंतरच्या मुलांशी करणारे संशोधन २०२४ साली प्रसिद्ध झाले. नियंत्रणातील मुलांना पुढील आयुष्यात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी व रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. तान्ह्या मुलाच्या दुधात साखर घालण्यापूर्वी हा निष्कर्ष आठवावा.

५

'सोडणे' ह्या क्रियापदाविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. चातुर्मासात किंवा काशीयात्रेनंतर एखादी वस्तू सोडण्याची आपली रीत आहे. तिच्यामुळे ह्या क्रियापदाला व्रताचा अर्थ चिकटला आहे. व्रत एकदा मोडले की संपले. म्हणून लग्नघरी एक पेढा खाल्ला की साखर सोडलेला मनुष्य 'आता मोडलेच आहे' असे म्हणून पूर्ववत खाऊ लागतो. शिवाय 'उपास सोडणे' ह्या प्रयोगात हेच क्रियापद खाण्यास आरंभ करणे असा नेमका उलटा अर्थ देते! आहाराच्या बाबतीत 'सोडणे' ह्यापेक्षा 'कमी करीत आणणे' हा अपूर्ण क्रियेचा प्रयोग अधिक उपयुक्त होय.

त्याची रीत अशी ठेवता येईल. चहातील साखर दर पंधरवड्याला पाव चमच्याने उतरवावी. जिभेची सवय हळूहळू बदलते आणि काही आठवड्यांनी पूर्वीचा चहा फार गोड लागू लागतो. दोन चमच्यांवरून अर्ध्या चमच्यावर येण्यास ह्या क्रमाने तीन महिने लागतात. कृत्रिम गोडी आणणाऱ्या गोळ्यांचा आधार घेण्याचा मोह टाळावा. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांचा उपयोग करू नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली केली आहे. पेयांकडे विशेष लक्ष द्यावे. बाटलीबंद गोड पेयांत दर १०० मिलिलिटरमागे साधारणपणे १० ग्रॅम साखर असते, आणि उसाच्या रसाच्या एका पेल्यातच दिवसाची २५ ग्रॅमची मर्यादा संपते. वेष्टनावरील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. तीत साखर, ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन अशी नावे आरंभीच दिसल्यास पदार्थाचे स्वरूप ओळखावे.

एक सूचना मात्र कटाक्षाने पाळावी. जे मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या घेत आहेत त्यांनी आहारातील मोठा बदल वैद्यकीय सल्ल्यावाचून करू नये. औषध तेच राहून आहार एकदम घटला, तर रक्तातील ग्लुकोज धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या रुग्णाला साखर तत्काळ देणे हाच उपाय असतो. साखर सोडलेल्या घरातही अशा रुग्णासाठी थोडी साखर हाताशी असली पाहिजे.

गड्ड्याच्या यात्रेतील तिळगूळ किंवा साखरपुड्याचा पेढा नाकारावा, असे ह्या विवेचनाचे तात्पर्य नाही. वर्षातून मोजक्या वेळी येणाऱ्या ह्या गोडीने आरोग्याचा हिशेब सहसा बिघडत नाही. तो बिघडतो तो रोज, न मोजता आणि बहुधा दुसऱ्याच नावाखाली घेतलेल्या साखरेने. ती साखर ओळखण्याकरिता प्रथम तिची सर्व नावे एका ओळीत मांडावी लागतात.